हिरामणच्या कार्डाला उत्तर

हिरामणचं पोस्टकार्ड आलं ते फाल्गुनात, आणि ही हकिकत आहे त्याच्या पुढच्या वर्षीच्या, म्हणजे नव्व्याण्णव सालच्या दिवाळीची. मधे वीस महिने गेले. एवढ्या काळात एखादा माणूस नाशिक रोडहून चालत हिमालयात जाऊन, तिथे मन शांत करून, परत येऊ शकला असता. खंडेरावांना मात्र आतल्या खोलीतल्या टेबलापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाणं जमलं नाही. अंतर एकशे दहा पावलांचं. ते त्यांनी मोजलं होतं. उत्तर लिहिण्याऐवजी जी जी कामं त्यांनी उरकली, त्यांतलंच ते एक.

कार्डावर मजकूर थोडा होता. "खंडू, भागी गेली. मागल्या सोमवारी. तू तिच्या हातची मिरचीची भाजी बरीच वर्षं खाल्लीस, म्हणून कळवतो. कांदा काढायला आलाय. सवड झाली तर लिही. घर सुनं शे."

शेवटची ओळ तेवढी अहिराणीत. हिरामण नामपूरचा. सव्वीस वर्षं प्रेसमध्ये खंडेरावांच्या शेजारच्या टेबलावर बसला, पण कामाच्या वेळी बोलायचा पुस्तकी मराठी. दुखलंखुपलं की तेवढा गावच्या बोलीवर यायचा.

प्रेस म्हणजे कोणती, हे नाशिक रोडला कुणी विचारत नाही. दोघंही होते ते पोस्टाची तिकिटं तपासण्याच्या विभागात. काम सोपं. छापलेला तावच्या ताव उजेडाकडे धरायचा. रंग सरकला आहे का, भोकांची ओळ चुकली आहे का, कुठे ठिपका आहे का, ते बघायचं. दोष दिसला की त्यावर निळ्या पेन्सिलीनं बारीकशी फुली मारायची आणि ताव 'रद्द'च्या ढिगात सरकवायचा. खंडेरावांनी हे चौतीस वर्षं केलं. ज्याच्या नजरेखालून कोट्यवधी तिकिटं गेली त्याच्या हातून एक पत्र जाऊ नये, यावर त्यांच्या पत्नीचं, चतुराबाईंचं, काय मत होतं ते त्या दिवसातून एकदा तरी सांगत.

म्हणजे उत्तर लिहिलं नव्हतं असं नाही. कार्ड आलं त्याच संध्याकाळी त्यांनी पहिला मसुदा लिहिला. त्यात 'दुःखद' हा शब्द दोनदा आला, म्हणून फुली. दुसऱ्यात शाई फुटली. तिसरा चांगला उतरला, पण वाचताना त्यांना वाटलं की हे आपण हिरामणसाठी लिहिलेलं नाही, आपण किती वाचतो ते दाखवायला लिहिलंय. फुली. तोवर महिना झाला होता, त्यामुळे चौथ्यात उशिराबद्दल माफी मागणं आलं. पुढे उशीर वाढत गेला तशी माफीही वाढत गेली, आणि अकराव्या मसुद्यात तर भागीबाई गेल्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर येऊ लागला. असे एकोणीस मसुदे त्यांनी एका खाकी फाइलीत तारखेनं लावून ठेवले होते. नाव खंडेराव, पण दारावरची घंटी वाजली तरी हा माणूस पुस्तक घेऊन आत जाऊन बसे. नामपूरला जाऊन समोरासमोर काही बोलणं तर सोडूनच द्या.

हे सगळं चालू असताना ऑक्टोबरात त्यांच्या नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली.

तेजस्विनी चौथीत होती. अक्षर असं की बाई फळ्यावरचा सुविचार तिच्याकडून लिहून घेत. पण लिहिताना एक काना जरी तिरका गेला, तर ती सगळी ओळ खोडायची. खोडल्याचा डाग दिसला तर पान फाडायची. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात पान फाडता येईना, कारण ते मोजून दिलेलं होतं. तेव्हा तिनं पहिला प्रश्न इतक्या वेळा खोडला की कागदाला आरपार भोक पडलं. मग तिनं दुसरा कागद मागून घेतला, त्यावर स्वतःचं नाव सुंदर अक्षरात लिहिलं आणि तो कोराच देऊन घरी आली. रडली नाही. जेवली मात्र नाही.

वर्गशिक्षिका मालनबाई. त्यांच्याकडे तिची आई आशा गेली, आणि सोबत आधार म्हणून खंडेरावांना घेऊन गेली. महेश, म्हणजे त्यांचा मुलगा, सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला होता. आधार म्हणून खंडेराव कितपत उपयोगी पडतील याची आशाला कल्पना होती, पण घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

"पोरगी हुशार आहे," मालनबाई म्हणाल्या, "पण कोरा पेपर देणाऱ्या मुलीला मी स्कॉलरशिपला कशी बसवू? तिथं तीन तासांचं काम. एक गणित अडलं की ही तिथंच बसणार. फॉर्म माझ्याकडे आहे. शाळा उघडेल त्या सोमवारी मला एक गोष्ट दाखवा. सुट्टीत तिनं सुरू करून पुरी केलेली. काहीही. कशीही. वेडीवाकडी असली तर फारच चांगलं. मग मी फॉर्म भरते."

"आणि नाही दाखवली तर?" आशानं विचारलं.

"तर पुढच्या वर्षी पाचवी, आणि चौथीची स्कॉलरशिप तेव्हा नसते."

परत येताना आशा म्हणाली, "आप्पा, मला घरचं आणि फराळाचं बघायचंय. हे तुम्हीच बघा. तुमचं ती ऐकते." खंडेरावांना वाटलं, आपलं ऐकते हीच तर अडचण असावी. पण ते म्हणाले, "बघतो."

आता ही गोष्ट घरातच राहिली असती तर बरं झालं असतं. पण समाधान सोसायटीच्या जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरच्या मोहिनीताई भेटल्या, आणि खंडेरावांना प्रश्न टाळता येत नाहीत, फक्त उत्तरं टाळता येतात. मोहिनीताईंनी बालसंगोपनाचं दोन रविवारांचं शिबिर केलं होतं. दुसऱ्या रविवारी पाहुणे आल्यामुळे त्या अर्ध्यातच उठून आल्या होत्या, पण पहिला पूर्ण झाला होता.

"काका, मुलं बघून शिकतात. तुम्ही तिच्यादेखत एखादी गोष्ट करायला घ्या आणि ती चुकवा. चुकली की हसा. बस. तिची भीती जाईल."

"हसू?"

"मोठ्यानं."

खंडेरावांनी शेवटचं मोठ्यानं केव्हा हसलो हे आठवून पाहिलं. ते काही लगेच आठवेना, म्हणून त्यांनी चुकण्यावर लक्ष एकवटायचं ठरवलं. दिवाळी तोंडावर होती. आकाशकंदील करू, आणि तो बिघडवू.

जिन्यात बोललेलं समाधान सोसायटीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. ही सोसायटी प्रेसमधल्या निवृत्त लोकांची. नावात समाधान असलं तरी इथं राहणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या छपाईतल्या खोडी काढल्या होत्या आणि ती सवय कुणी पेन्शनच्या कागदांबरोबर सही करून परत केली नव्हती. इथं लग्नाची पत्रिका आली की आधी उजेडाकडे धरतात, मग मुहूर्त बघतात. चेअरमन पुंजाराम. मूळचे चांदवडचे, प्रेसमध्ये मुख्य तपासनीस. त्यांच्या गळ्यात भिंगाची दोरी निवृत्तीनंतरही तशीच होती. ते त्या संध्याकाळी दोन कागद घेऊन आले.

"खंडेराव, ऐकलं का, नातीचा कंदील हाय म्हणे. लय चांगलं. हा स्पर्धेचा फॉर्म. दोन प्रतीत."

"नाही, म्हणजे, ते आपलं घरच्या घरी..."

"घरच्या घरीच करायचा. हे बघा, कलम चार. कंदील स्पर्धकानं स्वतः केल्याबद्दल पालकाची सही. कलम सहा, उंची अठरा इंचाच्या वर नाय. कलम नऊ, परीक्षकांचा निर्णय अंतिम."

"परीक्षक कोण?"

"मी," पुंजाराम म्हणाले.

खंडेरावांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी दोन्ही प्रतींवर सही केली. पुंजारामांनी सही भिंगातून पाहिली, आणि दुसऱ्या प्रतीवरची पहिलीपेक्षा थोडी वर गेली आहे हे मैत्रीच्या स्वरात निदर्शनास आणलं. "फर्स्ट प्राइज कुणाला द्यायचं ते गेली सहा वर्षं ठरंना," जाताना ते म्हणाले. "योग्यतेचा कंदीलच येत नाय. सेकंडवर भागवतो."

अशा रीतीनं, घरात गुपचूप बिघडवायची वस्तू आता चेअरमनच्या भिंगाखाली जाणार होती. पहिला दिवस कामट्यांत गेला. देवळाली गावात एक बुरूड होता, त्याच्याकडून खंडेरावांनी कामट्या आणल्या. जाताना रिक्षा, येताना पायी, कारण रिक्षावाल्यानं त्या कामट्या डोळ्यात जातील म्हणून नेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पतंगाचा कागद. तिसऱ्या दिवशी खळ. चतुराबाईंनी मैद्याची खळ शिजवून कढईत निवायला ठेवली, आणि महेशनं कंपनीतून आल्यावर तिच्यातली अर्धी वाटीत घेऊन खाल्ली. "आई, लापशीत साखर घालायची राहिली," एवढंच म्हणाला आणि झोपला. त्याच्या अंगात असलं काही जिरवायची ताकद होती. तेजस्विनीला ती ताकद आजोबांकडून आलेली नव्हती, आणि बापाकडून यायची राहून गेली होती.

चौथ्या दिवशी खंडेराव बिघडवायला बसले. त्यांची योजना अशी की एक कामटी पाऊण इंच आखूड कापायची, म्हणजे सांगाडा तिरका होईल. मग हसायचं. पण कापताना त्यांना वाटलं, पाऊण इंच म्हणजे पाऊणच असायला हवं, नाहीतर चूक आहे की निष्काळजीपणा ते कळायचं नाही. त्यांनी पट्टी घेतली. टोकदार पेन्सिलीनं खूण केली. खूण जाड वाटली, म्हणून पुसून पुन्हा केली. मग सुरीला धार लावली.

तेजस्विनी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. "आजोबा," ती म्हणाली, "मुद्दाम चुकताय ना?"

"नाही गं. आपलं चुकतंच माणूस."

"पट्टीनं मापून?"

खंडेराव ठरल्याप्रमाणे हसले. तो आवाज ऐकून चतुराबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पाणी हवंय का म्हणून विचारू लागल्या.

"द्या इकडे," तेजस्विनीनं सुरी मागितली. "तुम्ही असं करत बसलात तर पुढची दिवाळी येईल."

इथं खरं तर खंडेरावांनी उठून जायला हवं होतं, आणि ते गेलेही, कारण मुलीनं स्वतःहून काही हातात घेतलं होतं. ती पाच दिवस बसली. दोनदा सगळं उसवलं, एकदा कामटी मोडली, एकदा दोन तास रुसून गॅलरीत बसली. पण परत आली. खंडेराव दाराआडून बघत, आणि पुस्तकाचं तेच पान उलटीकडून परत वाचत. वसुबारसेच्या दुपारी कंदील झाला. षटकोनी, केशरी कागद, कडेला हिरवी पट्टी, खाली सहा झिरमिळ्या. तिनं तो हातात धरून आजोबांपुढे आणला.

"कसा झालाय?"

"फार छान," खंडेराव म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. कंदील त्यांनी दोन्ही हातांत घेतला. सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे धरला. डावीकडची झिरमिळी इतरांपेक्षा बोटभर लांब होती, आणि हिरवी पट्टी एका कोपऱ्यात थोडी निसटली होती. "छानच झालाय," ते पुन्हा म्हणाले. तोंड हे बोलत असताना त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला, तिथून निळी पेन्सिल बाहेर आली, आणि हिरवी पट्टी निसटली होती तिथं त्यांनी एक बारीक, नीटनेटकी, सरकारी मापाची फुली मारली.

चौतीस वर्षांत असा कागद त्यांच्या हातून फुलीशिवाय गेला नव्हता. हाताला काय माहीत की तो निवृत्त झालाय.

तेजस्विनीनं फुलीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. कंदील परत घेतला. ती तो फाडेल अशी खंडेरावांनी मनाची तयारी केली होती, पण तिनं फाडला नाही. पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "रद्द." त्या घरात हा शब्द सगळ्यांना येत होता.

पुंजारामांना स्पर्धेसाठी कंदील मिळाला नाही. त्यांनी फॉर्मच्या दोन्ही प्रतींवर 'अनुपस्थित' लिहिलं. पहिला क्रमांक सातव्या वर्षीही कुणाला मिळाला नाही. महेशनं बाजारातून प्लास्टिकचा चांदणी कंदील आणून लावला, तो सगळ्या बाजूंनी सारखा होता आणि तेजस्विनी त्याच्याकडे वर मान करून पाहतही नव्हती. दिवाळीत तिनं रांगोळी काढली नाही. किल्ला केला नाही. मोहिनीताईंनी जिन्यात विचारलं, "काका, हसलात का?" खंडेराव म्हणाले, "हसलो," आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. पाडव्याला पुंजाराम फराळाला आले. करंजीची कड भिंगातून पाहून म्हणाले, "मुरड बरी हाय. दोन ठिकाणी सुटली." त्या दिवशी चतुराबाईंनी त्यांना दुसरी करंजी वाढली नाही.

शुक्रवारी सणाचे शेवटचे पाहुणे गेल्यावर त्या नवऱ्यापुढे येऊन बसल्या. "अहो, चौतीस वर्षं पोटासाठी चुका काढल्यात, ते ठीक. आता फुकट कशाला काढता?"

"हात गेला गं."

"हात गेला. तिकडे हिरामणभाऊंना लिहायला नाही गेला तो. येत्या सोमवारी शाळा आहे. पोरीकडे दाखवायला काही नाही. आता तुम्हीच तिला जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे एवढी मोठी फाइल आहे ना, कसं काही पुरं करायचं नाही त्याची. ती दाखवा."

"ती खासगी आहे."

"पाठवलेलं खासगी असतं. ही नुसती रद्दी आहे."

रात्र त्यांनी या वाक्याशी वाद घालण्यात घालवली आणि हरले. शनिवारी सकाळी ते खाकी फाइल घेऊन तेजस्विनीच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे मोडून जमिनीवर बसायला त्यांना वेळ लागला, आणि बसल्यावर आपण इथं का आलो ते सांगायला त्याहून जास्त लागला.

"तुला मी फुली मारली ना," ते म्हणाले, "तर, मी सगळ्यांनाच मारतो. मलाही. बघ."

तेजस्विनीनं फाइल उघडली. आधी हिरामणचं कार्ड वाचलं. मग एक-एक मसुदा उजेडाकडे धरून वाचला. हे ती कुठून शिकली ते विचारायची गरज नव्हती. प्रत्येकावर निळी फुली होती.

"ह्यात काय चुकलंय?"

"दुःखद शब्द दोनदा आलाय."

"आणि ह्यात?"

"शाई फुटली."

"ह्यात तर काहीच नाही."

"त्यात मी फार शहाण्यासारखं बोललोय."

तिनं पुन्हा वाचून पाहिलं आणि मान डोलावली. ते तिलाही पटलं होतं. एकोणीसही वाचून झाल्यावर तिनं कागद ठोकून सरळ केले. "मग ह्यांतलं त्यांना कुठलं गेलं?"

"कुठलंच नाही."

"काहीच नाही? नुसतं एक ओळीचंसुद्धा?"

"नाही."

तिनं हिरामणचं कार्ड पुन्हा वाचलं. "म्हणजे तुम्ही पण कोराच दिलात," ती म्हणाली.

वीस महिने खंडेरावांनी स्वतःला अनेक नावं ठेवली होती. भिडस्त, आळशी, हळवा, शब्दांचा कंजूष. पण हे इतकं साधं नाव त्यांना सुचलं नव्हतं. नामपूरला एक माणूस उंबऱ्यात बसून पोस्टमनची वाट बघतोय, आणि त्याच्या हातात आपण कोरा कागद ठेवलाय, त्यावर नाव मात्र सुंदर अक्षरात. हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मी लिहिते," तेजस्विनी उठली. "तुम्ही सांगा. तुम्ही लिहिलंत तर फाडाल."

तिनं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणलं. अर्ध्या तासाचा गजर लावला. "पेपरासारखं. घंटा झाली की जे असेल ते द्यायचं. पुरवणी नाही. आणि तुम्ही तिकडे, भिंतीपाशी. कागद बघायचा नाही."

भिंतीपाशी बसून खंडेरावांनी सांगायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं मायना ठरवण्यात गेली. 'प्रिय मित्र' की 'स. न. वि. वि.', यावर त्यांचं ठरेना. "त्यांनी तुम्हाला नुसतं खंडू लिहिलंय," असं म्हणून तिनं 'हिरामण' लिहून टाकलं आणि पुढे काय ते विचारलं.

"भागीवहिनी गेल्याचं तुझं कार्ड मिळालं," खंडेराव म्हणाले. "थांब, 'मिळालं' नको, 'पोचलं'."

"मिळालं लिहून झालं."

"बरं. मला काय लिहावं ते सुचेना म्हणून मी काहीच लिहिलं नाही. हे माझं फार चुकलं. मला माफी मागायची होती, पण ती रोज लांब होत गेली." घड्याळ टिकटिकत होतं. "वहिनी डब्यात माझ्यासाठी वेगळी भाकरी द्यायच्या. तू म्हणायचास, ही तुझी, आणि मला बारीकवाली पुढे करायचास. मोठी तूच खायचास. ते मला माहीत होतं, आणि मी कधी बोललो नाही, कारण बारीकवालीला मिरची जास्त लागलेली असायची."

लिहिता लिहिता तेजस्विनीचं पेन अडलं. खंडेरावांना भिंतीपासून दिसत नव्हतं, पण तो थांबलेला आवाज त्यांच्या ओळखीचा होता. काहीतरी चुकलं होतं.

"भाकरी दोनदा लिहिलं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. तिचा हात कागदाच्या कडेला गेला होता, फाडायला धरतात तसा.

खंडेरावांना वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलावं. असं एकही वाक्य त्यांना आठवेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बरं झालं. "किती मिनिटं राहिली?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"मग पुढे लिही. 'घर सुनं असेल हे मला कळतं. कळत होतं. तू सवड झाली की इकडे ये, नाहीतर मी येतो.'"

"खरंच जाणार?"

"ते नको लिहूस. म्हणजे, लिही."

कागदावर एक सरळ रेघ ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा पेन चालायला लागलं. खंडेराव आणखी काही सांगत होते, भागीबाईंनी एकदा त्यांना सर्दीवर काढा पाठवला होता त्याबद्दल, आणि काढ्याचा थर्मास अजून त्यांच्याच घरी आहे त्याबद्दल, पण मधेच गजर झाला आणि तेजस्विनीनं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, आणि तळाशी स्वतःची एक ओळ लिहिली. 'आजोबा अजून सांगत होते पण घंटा झाली. तेजस्विनी, इयत्ता चौथी.' पत्र घडी करून पाकिटात घातलं, बंद केलं, तिकीट ओलं करून लावलं. आजोबांना कागद शेवटपर्यंत दिसला नाही.

तिकीट मात्र दिसलं. वाकडं लागलं होतं. थोडंथोडकं नाही, डावं टोक चांगलं खाली. तिलाही ते दिसलं. दोघं त्या तिकिटाकडे बघत बसले. वाफेवर धरलं तर ते निघतं, हे खंडेरावांना माहीत होतं. किती वेळ धरायचं तेही माहीत होतं.

"चिकटलंय ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग चल. पोस्ट बाराला बंद होतं."

कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून चाललं नसतं. मालनबाईंना दाखवायला काहीतरी हवं, आणि ते पत्र तर नामपूरला जाणार. यावर तोडगा चतुराबाईंनी काढला. पोस्टात पत्र टाकल्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्यांच्या भावानं जमिनीच्या भांडणात असली पन्नास काढली होती. नाशिक रोडच्या पोस्टात सणानंतरची गर्दी होती. खंडेरावांनी सगळी नोकरी तिकिटांत काढली, पण पोस्टाच्या खिडकीशी बोलायची वेळ आली की ते नेहमी महेशला पाठवत. आज तेजस्विनी त्यांचं बोट धरून रांगेत उभी होती, त्यामुळे मागे फिरायची सोय नव्हती.

"सर्टिफिकेट कशाला आजोबा?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. "कोर्टाचं काम आहे का?"

"नाही," खंडेराव म्हणाले. "शाळेचं आहे."

त्यानं एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर पत्ता लिहायचा होता. तेजस्विनी टाचा उंच करून, फळीवर कागद टेकवून लिहू लागली. मागून एका बाईनं पिशवीचा धक्का दिला आणि 'नामपूर'मधला 'पू' खाली घसरत गेला, पार कागदाच्या कडेपर्यंत. तिनं कारकुनाकडे पाहिलं. "दुसरी चिठ्ठी आहे का?"

"वाचता येतंय की," तो म्हणाला. "मागं रांग बघ केवढी आहे."

तिनं रांगेकडे पाहिलं. मग उरलेला पत्ता लिहिला, तालुका, जिल्हा, सगळा, आणि चिठ्ठी आत सरकवली. कारकुनानं पाकीट उचललं, तिकिटावर त्याची नजर क्षणभर थांबली.

"वाकडं लावलंय," तो म्हणाला.

"हो," खंडेराव म्हणाले. "आम्ही पाहिलंय."

कारकुनानं शिक्का शाईत बुडवला, आधी चिठ्ठीवर मारला, मग त्या वाकड्या तिकिटावर जोरात मारला, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. तेजस्विनीनं सर्टिफिकेटवरची शाई फुंकून वाळवली, घडी घातली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली. खंडेराव अजून खिडकीशीच उभे होते, पोत्याकडे बघत. त्यांना वाटत होतं की थर्मासचं तरी लिहायला हवं होतं.

"चला ना आजोबा," ती म्हणाली. "दिलं आपण."